तक्रारीचं निवारण झालं, लाल दिवा तसाच

गेल्या महिन्याभरात माझ्या मोबाईलवर एकाच मजकुराचे नऊ एसएमएस आले. ‘प्रिय ग्राहक, आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.’ त्यातले चार आले तेव्हा मी आमच्या फायबरच्या डब्यासमोर उभा होतो आणि डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. पाचवा आला तेव्हा जिन्यात होतो. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेट आहे का, ते बघायला निघालो होतो. त्यांच्याकडेही नव्हतं. ‘निवारण’ मात्र त्यांचंही झालं होतं.

मी निवृत्त शिक्षक आहे, विषय मराठी. निवारण म्हणजे काय, हे मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलेलं आहे. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून ‘आजार गेला’ असं म्हणण्याला आमच्या काळात निवारण म्हणत नसत.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. कनेक्शन बदलण्याचा निर्णय माझा होता. आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीच्या गेटपाशी एका रविवारी मोठी छत्री लावून दोन तरुण बसले होते. जुन्या कंपनीपेक्षा महिन्याला दोनशे रुपये कमी, वेग दुप्पट म्हणजे शंभर एमबीपीएस, जोडणी फुकट. अट एकच, वर्षाचे पैसे एकदम भरायचे. निवृत्त माणसाला दोनशे रुपये लांबून दिसतात. मी तिथेच पैसे भरून मोकळा झालो. घरात विचारलं नाही. सुनेला तर नाहीच विचारलं, आणि आमच्या घरात नेटवर पोट असलेली ती एकटी आहे.

ती अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासण्याचं काम करते. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, पहाटे साडेतीनला सुटका. नातू दोन वर्षांचा. ऑफिस ऐरोलीला. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली म्हणून तिची नोकरी टिकली. या कामात लॉगिनचे तास मोजले जातात. नेट गेलं की तिकडचं यंत्र तिला गैरहजर धरतं. ती खुर्चीत बसलेली असते, हेडफोन कानात असतो, बिल अर्धं तपासलेलं असतं, तरी गैरहजर. नव्या कनेक्शनच्या पहिल्या महिन्यात तिचे अकरा तास कापले गेले. दुसऱ्या महिन्यात मेल आली की इंटरनेटची व्यवस्था ही कर्मचाऱ्याची स्वतःची जबाबदारी आहे.

यावर घरात बैठक झाली. माझ्या मोठ्या बहिणीने फोनवरून सल्ला दिला, ‘तिला सब्र करायला सांग. नाहीच जमलं तर सोडू दे की नोकरी. बाळ लहान आहे.’ मुलगा तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो. तो म्हणाला, ‘अब्बा, दोन-तीन महिने बघू.’ सून काहीच बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

मला त्या रात्री झोप आली नाही. तार कंपनीची, बिघाड तारेत. पगार दुसऱ्या कंपनीने कापला. योजना सासऱ्याने निवडली. आणि सब्र कोणी करायचा, तर सुनेने! आपल्या घरांत सब्र हा शब्द नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्यालाच सांगितला जातो. ज्याने नुकसान केलं त्याला सांगायला कोणी जात नाही, कारण तो फोनच उचलत नाही.

आता कोणी म्हणेल, बिघाड घरातलाच असेल. कस्टमर केअरवरच्या मुलीने पहिल्या दिवसापासून मला हेच ऐकवलं. ‘सर, राउटर बंद करून चालू करा. सर, भिंती जाड असतील. सर, तुमचा लॅपटॉप जुना असेल.’ मी शिकवणारा माणूस, तेव्हा शिकूनही बघितलं. आणि खरं सांगायचं तर निम्मी गोष्ट तिची बरोबर निघाली.

जोडणी करणाऱ्या पोराने राउटर दाराजवळ, चपलांच्या रॅकवर ठेवला होता, कारण तार तिथून आत येते. सून बसते आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि फ्रिज. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गीगाहर्ट्झचा लांब जातो, भिंती ओलांडतो, पण त्यावर गर्दी फार. ५ गीगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंत आली की धापा टाकतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. आमच्या घरातून शेजाऱ्यांची बावीस वायफाय दिसतात. बावीस घरं तीन चॅनेलांवर बोलतायत म्हणजे लग्नघरात एकाच वेळी सगळ्या मावश्या बोलतात, तसा प्रकार. मी चारशे रुपयांची लांब वायर आणली, राउटर आतल्या खोलीच्या दारावर उंच लावला, चॅनेल बदललं. सुनेचा लॅपटॉप वायफायवरून काढून थेट वायरीने जोडला. फरक पडला. स्वयंपाकघरात पूर्वी व्हिडिओ अडकायचा, तो चालू लागला. एवढं श्रेय मी कस्टमर केअरला देतो.

पण मग मी वही घातली. शाळेत हजेरीपट असतो तशी. तारीख, वेळ, वायरीवर मोजलेला वेग, लाल दिवा आहे की नाही. एकवीस दिवस. आणि वहीतून दोन वेगवेगळे आजार बाहेर आले, जे फोनवर बोलताना एकच वाटत होते.

पहिला आजार लाल दिव्याचा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ म्हणून एक दिवा असतो. तो लाल झाला याचा अर्थ काचेच्या तारेतून येणारा उजेडच डब्यापर्यंत पोहोचत नाही. याचा माझ्या भिंतीशी, लॅपटॉपशी, वायफायशी काडीचा संबंध नाही. हे दिवसातून दोन-तीनदा, कधी चार मिनिटं, कधी पन्नास. दुसरा आजार संध्याकाळचा. फजरच्या वेळी आमचं नेट घोड्यासारखं धावतं, वायरीवर पंच्याण्णव-शहाण्णव एमबीपीएस. मगरिबनंतर ते दमायला लागतं. इशाच्या सुमाराला, रात्री आठ ते अकरा, पाच-सहावर येतं. दिवा हिरवाच असतो. आणि तेव्हा फोन केला की उत्तर मिळतं, ‘सर, आमच्या सिस्टीमवर तुमचं नेट चालू दिसतंय.’

चालू आहेच की. सरकारी व्याख्येप्रमाणे तर ते उत्तम ब्रॉडबँड आहे! २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. मग ते ५१२ झालं. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ते २ एमबीपीएसवर नेलं. म्हणजे मला विकलं शंभर, मिळालं पाच, आणि व्याख्या म्हणते की तुला तर अडीचपट जास्त मिळालं. भांडायचं कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी वेग का पडतो, यात गूढ काही नाही. घरोघर येणारं फायबर बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने टाकतात तिला जीपॉन म्हणतात. एका तारेवर खाली येणारा वेग साधारण अडीच गीगाबिट. ती तार स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीतून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. चौसष्ट घरांनी एकाच वेळी पूर्ण मागितलं तर वाट्याला चाळीसही येत नाही. शिवाय स्थानिक केबलवाला पुढे मोठ्या कंपनीकडून जी मोठी लाइन घेतो, ती किती जाडीची घेतो, हे त्याचं त्याला माहीत. दिवसा सगळे कामावर, रात्री सगळे घरात, प्रत्येक घरात दोन मोबाईल आणि एक टीव्ही. सोसायटीच्या टाकीतलं पाणी सकाळी सातला जसं सगळ्यांना एकदम हवं असतं, तसं.

ही वाटणी म्हणजे चोरी, असं मी म्हणत नाही. सगळेच एकदम पाणी ओढत नाहीत हे धरूनच टाकी बांधतात, आणि त्यामुळेच नेट स्वस्त पडतं. माझं भांडण आहे ते जाहिरातीतल्या दोन शब्दांशी. ‘अप टू’. शंभर एमबीपीएसपर्यंत. हे ‘पर्यंत’ कुठून आलं? नवीन पनवेलच्या बाजारात एखाद्या वाण्याने ‘एक किलोपर्यंत तांदूळ, साठ रुपये’ अशी पाटी लावून बघावी. पिशवीत पन्नास ग्रॅम घालून म्हणावं, ‘काका, तांदूळ चालू आहे.’ गिऱ्हाइकं त्याला दुकानातून बाहेर ओढतील. त्या वाण्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो, नसला तर दंड. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. माझ्या घरात रोज रात्री मापात पंच्याण्णव टक्के मारलं जातं आणि त्याला भाषेत जागा मिळाली आहे, कायद्यात मिळाली आहे, आणि आपल्या डोक्यातही.

वाचकांतल्या बहुतेकांना ठाऊक असेल, मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक अख्खी सूरह आहे. अल-मुतफ्फिफीन, ८३वी. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असायचा. बाजारात फिरून वजनं-मापं तपासणं, दुधात पाणी आहे का बघणं, हे त्याचं रोजचं काम. तो तक्रारीची वाट बघत बसायचा नाही. जुम्म्याच्या खुतब्यात मापाचा विषय निघाला की आपल्याला भाजीवाला आठवतो, खाटीक आठवतो. ज्याचा तराजूच दिसत नाही तो दुकानदार आठवत नाही.

बरं, असं नाही की आपल्याकडे नियम नाहीत. नियम आहेत, आणि बरे आहेत. टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. त्यात लिहिलं होतं की कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळाला पाहिजे. गर्दीच्या तासात कंपनीची वरची लाइन ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नसावी. बिघाड तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर सात दिवसांच्या भाड्याची सूट, सातपेक्षा जास्त तर पंधरा दिवसांची, पंधरापेक्षा जास्त तर अख्ख्या महिन्याची. पुढे ट्रायने मोबाईल, लँडलाइन आणि ब्रॉडबँड यांचे नियम एकत्र करून २०२४ मध्ये नवे आणले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला आपोआप सूट द्यायची तरतूदही आली. म्हणजे बिघाडाची भरपाई ही कल्पना कागदावर वीस वर्षांची झाली. माझ्या ओळखीत ती एकालाही मिळालेली नाही. मागितलेली कोणी नाही, हेही खरं.

आणि इथेच त्या एसएमएसचा डाव कळतो. बिघाड ‘तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला’ हे ठरवणारं घड्याळ तक्रारीच्या नंबरावर चालतं. तक्रार दोन दिवसांत ‘निवारण’ म्हणून बंद केली की घड्याळ शून्यावर. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा फोन करता, नवा नंबर, नवं घड्याळ. माझी एकच तक्रार नऊ वेळा जन्मली आणि नऊ वेळा मेली, त्यामुळे कंपनीच्या कागदावर माझं नेट एकदाही तीन दिवस बंद नव्हतं. दिवा दुरुस्त करण्यापेक्षा तक्रार दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

माझा एक जुना सहकारी, अर्थशास्त्र शिकवायचा, ही सगळी कहाणी ऐकून हसला. म्हणाला, ‘अहो गुरुजी, एवढं कशाला? खुला बाजार आहे. पटत नाही तर बदला.’ हे ‘पटत नाही तर बदला’ ऐकायला इतकं सोपं वाटतं की त्यातली मेख दिसत नाही. मोबाईलचा नंबर आपण घेऊन जाऊ शकतो, २० जानेवारी २०११ पासून देशभर ती सोय आहे. एक मेसेज करायचा आणि कंपनी बदलायची. घरच्या ब्रॉडबँडला असं काही नाही. नवी तार, नवा डबा, नवी अनामत, दोन दिवसांची रजा. मी वर्षाचे पैसे भरून बसलोय, ते परत मिळणार नाहीत. नव्या कंपनीच्या पोराने तार ओढताना जुन्या कंपनीची तार डक्टमध्ये कापून टाकली आहे. चुकून की मुद्दाम, ते मी ठरवत नाही. आणि आमच्या आसपासच्या कितीतरी सोसायट्यांत कमिटीने एका केबलवाल्यालाच गच्चीवर चढायची परवानगी दिलेली असते. बदल्यात सोसायटीच्या ऑफिसला फुकट नेट आणि गणपतीला, ईदला एखादी जाहिरातीची कमान. कमिटीत आपलेही लोक असतात, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. चार कंपन्यांची नावं बदलली तरी खाली तार ओढणारा माणूस बऱ्याचदा तोच असतो. मग बदलायचं कोणाला? मी तर बदललंच होतं! बदलूनच या खड्ड्यात पडलो.

या सगळ्यात ज्याला शिव्या खायला पुढे करतात तो तार जोडणारा पोरगा, त्याच्याबद्दल दोन ओळी लिहितो. तो आमच्याकडे पाच वेळा आला. बाविशीतला, मराठवाड्यातला, कामोठ्यात चौघांत खोली घेऊन राहतो. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पावसाचा रेनकोटही स्वतःचा. दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर त्याची कमाई. म्हणजे ‘निवारण’चं बटण दाबलं नाही तर त्याच्याच पोटाला चिमटा. पाचव्या खेपेला मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, ‘बाळा, आज घाई करू नकोस.’ त्याने पिशवीतून छोटा मीटर काढून तार त्यात घातली. आकडा आला उणे २८.६. तो स्वतःच म्हणाला, ‘काका, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डब्याला उजेड पुरत नाही. याला सिग्नल कसा राहील?’ गच्चीवर जाऊन बघितलं तर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला गुंडाळलेली तार काटकोनात मोडली होती आणि जोड उघडा पडला होता. त्याने तो भाग कापून नवा जोड केला. वीस मिनिटं लागली. आकडा उणे २१ वर आला. लाल दिवा गेला.

वीस मिनिटांचं काम तेवीस दिवसांनी झालं. या तेवीस दिवसांत माझ्याकडून राउटर किती वेळा बंद-चालू करून घेतला असेल याचा हिशेब वहीत आहे. इथे देत नाही.

रात्रीचा दुसरा आजार मात्र गच्चीवर बरा होणारा नाही. तिथे पोरगा काही करू शकत नाही. तिथे कंपनीला जास्त जाडीची लाइन विकत घ्यावी लागेल किंवा स्प्लिटरवरची घरं कमी करावी लागतील. दोन्हीला पैसे लागतात. म्हणून मी अपील केलं आहे.

ही पायरी फार लोकांना माहीत नसते, म्हणून नीट सांगतो. ट्रायकडे एकट्या ग्राहकाची तक्रार चालत नाही. ट्राय नियम करतं, तुमचं भांडण सोडवत नाही. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत दोन पायऱ्या असाव्या लागतात. पहिली तक्रार केंद्र, तिथे तक्रारीचा नंबर मिळालाच पाहिजे. दुसरी अपील प्राधिकारी. तक्रारीच्या निकालाने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल लागला पाहिजे. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. शोधावा लागतो, इतकंच. माझ्या कंपनीच्या वेबसाइटवर नवं कनेक्शन घ्यायचं बटण पहिल्याच पानावर आहे, आणि अपिलाचा पत्ता सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, तिसऱ्या क्लिकवर.

आणि तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोग. इथे एक जुना गैरसमज अजून फिरतो. अगदी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका वकिलाने लिहिलं की टेलिफोन कंपन्यांवर ग्राहक कोर्टात केस चालत नाही. २००९ पर्यंत मागे गेलं तर त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. एम. कृष्णन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १८८५ च्या टेलिग्राफ अ‍ॅक्टकडे बोट दाखवून म्हटलं होतं की अशा तक्रारी ग्राहक मंचाने ऐकू नयेत. त्या एका निकालाच्या आडोशाला कंपन्या बारा-तेरा वर्षं आरामात बसल्या. मग अहमदाबादचे अजयकुमार अगरवाल नावाचे एक ग्राहक उभे राहिले. महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये, आणि एका महिन्यात आलं २४,६०९ रुपये. ते जिल्हा मंचात गेले आणि कंपनीने हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्यायमूर्ती चंद्रचूड, सूर्यकांत आणि विक्रम नाथ यांनी निकाल दिला की टेलिकॉम सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. पुढे २०२३ च्या नव्या टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्टनेही ग्राहक कायद्याखालचा हा हक्क शाबूत ठेवला. बिलाच्या चोवीस हजारांवरून एक माणूस आठ वर्षं हटला नाही, म्हणून आज मला दार उघडं आहे.

दार उघडं आहे, पण ते अलिबागला आहे. खांदेश्वर नावाला नवी मुंबई, पत्ता लिहिताना नवी मुंबई, फ्लॅटचा भाव सांगताना नवी मुंबई. न्याय मागायला गेलं की जिल्हा रायगड! बेलापूरचं कोकण भवन हार्बर लाइनवर हाताच्या अंतरावर आहे, पण ते ठाणेकरांसाठी. आपला जिल्हा आयोग अलिबागला. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, सेवेची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, हे खरं. पण ऑनलाइन दाखल करायला नेट लागतं, हा विनोद मी केलेला नाही, आपोआप झाला.

आता एका आक्षेपाला उत्तर देणं भाग आहे. हा लेख लिहितोय म्हटल्यावर माझ्या एका धाकट्या मित्राने नाक मुरडलं. तो चळवळीतला आहे. म्हणाला, ‘सर, कौमपुढे प्रश्न किती मोठे आहेत. बुलडोझर आहे, लिंचिंग आहे, आणि तुम्ही वायफायवर लिहिताय? लोक हसतील.’

हसू देत. पण त्याने गेल्या वर्षभरात आपल्या मोहल्ल्यांत लोक कशासाठी धावत होते ते आठवावं. वक्फच्या मालमत्तांची नोंद ‘उमीद’ पोर्टलवर चढवायची होती. पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं, मुदत सहा महिन्यांची. शंभर वर्षांपूर्वीच्या कबरस्तानाचे कागद मुतवल्लींनी स्कॅन करून, अपलोड करून पाठवायचे. हजचा फॉर्म ऑनलाइन. स्कॉलरशिपचा फॉर्म ऑनलाइन, अकरावीची प्रवेश यादी ऑनलाइन, इंजिनीअरिंगचे पर्याय ऑनलाइन, रेशनचं ई-केवायसी ऑनलाइन. सरकारने आपल्या प्रत्येक हक्काचा फॉर्म केला आणि प्रत्येक फॉर्मला शेवटची तारीख लावली. ज्याची तार मोडलेली त्याचा हक्क त्या तारखेला संपतो, आणि नोंद अशी होते की याने अर्जच केला नाही. मोर्च्याचे फोटो निघतात. रात्री साडेअकराला ‘सबमिट’वर फिरत राहिलेल्या चक्राचा फोटो कोणी काढत नाही.

याच मित्राला मी केरळच्या फहीमा शिरीनची आठवण करून दिली. कोझिकोडकडच्या एका कॉलेजच्या होस्टेलमध्ये मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करावा असा नियम होता. ती अडून बसली, होस्टेलमधून काढली गेली आणि हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचाच भाग आहे. तिलाही तेव्हा कोणीतरी म्हटलंच असेल, मुली, मोबाईलसाठी कशाला भांडतेस. सहा ते दहा. आमच्याकडे आठ ते अकरा. तिथे वॉर्डन मोबाईल काढून घेत होती, इथे कोणीच काही काढून घेत नाही, दिवा हिरवा असतो, आणि तरी आतल्या खोलीतली बाई गैरहजर ठरते.

आपल्या माणसांवर माझा राग अधिक आहे, तेही लिहून टाकतो. ग्रुपवर आमच्या सोसायटीत रोज रात्री नऊ वाजता वीस-पंचवीस जण नेटवाल्याला शिव्या घालतात. हसणारे, रडणारे चेहरे टाकतात. मी विचारलं, तक्रारीचा नंबर किती जणांकडे आहे? तिघांकडे. बाकीच्यांचं म्हणणं, ‘ओळखीचा केबलवाला आहे, त्याला सांगितलंय, तो बघतो.’ ही ओळख आपल्याला नडते. ओळखीच्या माणसाने ‘बघतो’ म्हटलं की नोंद होत नाही, आणि नोंद नसलेला बिघाड झालेलाच नसतो. रुग्णालयापासून पोलीस चौकीपर्यंत आपण ओळखी शोधतो, कागद मागत नाही. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीने पन्नास वर्षं घसा कोरडा करून सांगितलं की पावती घ्या. आपण पावती खिशातच चुरगाळतो.

अपिलाचं उत्तर परवा आलं. कंपनीने मान्य केलं की ‘पीक अवर्समध्ये नेटवर्कवर भार आढळला’, सुधारणा ‘नियोजित’ आहे, तारीख नाही. भरपाईबद्दल एक अक्षर नाही. सुनेचे दुसऱ्या महिन्यात सहा तास कापले गेले. तिने मोबाईलचं नेट वेगळं घेतलंय, रात्री आठ वाजले की लॅपटॉप त्यावर टाकते. त्याचे महिन्याला तीनशे जातात. माझ्या दोनशे रुपयांच्या बचतीची ही किंमत. परवा तिने विचारलं, ‘अब्बा, ती वही मला द्याल का? टीम लीडरला दाखवते.’ मी तिला झेरॉक्स काढून दिली, मूळ वही अपिलासाठी ठेवली.

आता पुढचं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात कलम ३५ आहे. एकाच तऱ्हेचं नुकसान झालेले अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने त्यांच्यातला एखादा सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतो. म्हणजे सगळ्यांनी अलिबागच्या खेपा घालायची गरज नाही, एकजण गेला तरी पुरे. मला वेळ आहे, मी जातो. आमच्या इमारतीतली सहा घरं तयार झाली आहेत, शेजारच्या विंगमधली दोन. प्रत्येकाने तीन गोष्टी आणायच्या आहेत, वर्षाच्या पैशांची पावती, तक्रारींचे नंबर आणि त्या एसएमएसचे स्क्रीनशॉट, पुसून टाकले असतील तर उद्यापासूनचे. येत्या रविवारी असरनंतर सोसायटीच्या ऑफिसात बसतोय. सेक्रेटरींनी जागा द्यायला आढेवेढे घेतले, त्यांच्या ऑफिसचं नेट फुकटचं आहे. नाही उघडलं तर जिन्याखाली खुर्च्या टाकू.